स्लीपरचा बर्थ: निजायला पुरतो, बसायला कमी पडतो

नमस्कार श्रोतेहो.

गोंदिया, तुमसर, वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर. इथून मुंबई-पुण्याकडे निघालं की एक रात्र स्लीपरच्या डब्यात काढावी लागते. कुणी मुंबईला तपासणीसाठी, कुणी पुण्यात शिकणाऱ्या पोराकडे, कुणी लग्नाला. सकाळी उतरताना मात्र सगळ्यांचं बोलणं सारखंच असतं: कंबर धरली, मान अवघडली, पाय सुजले. दोष वयावर ढकलून माणसं मोकळी होतात. यातला बराचसा भाग डब्याच्या मापांमुळे होतो. म्हणून आज ती मापं समजून घेऊ आणि कोणत्या माणसाला कोणता बर्थ मानवतो तेही पाहू.

आधी रुंदी. डबा बाहेरून सुमारे सव्वातीन मीटर रुंद असतो. यापेक्षा रुंद करता येत नाही, कारण शेजारच्या रुळावरून गाडी जाते, फलाट आहेत, पूल आणि बोगदे आहेत. भिंती वजा केल्या की आत तीन मीटरच्या थोडं वर उरतं. त्यात सहा फुटांच्या आसपासचा आडवा बर्थ, मग दोनेक फुटांची वाट आणि पलीकडे खिडकीला लागून साइडचा बर्थ. उंच माणसाचे पाय वाटेत येतात आणि चहावाल्याची किटली त्यांना लागते, त्याचं कारण हेच.

आता लांबी. चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात १९५५ पासून बनू लागलेला जुना डबा सव्वाएकवीस मीटरच्या आसपास लांब. त्यात आठ-आठ बर्थचे नऊ कप्पे, म्हणजे ७२ बर्थ. आता दिसणारा एलएचबी, म्हणजे जर्मन आखणीचा डबा साडेतेवीस मीटरचा, त्यात दहा कप्पे आणि ८० बर्थ. लांबी वाढली तेव्हा प्रत्येकाचे पाय पसरण्याची सोय झाली नाही, एक कप्पा वाढला. साइडचा बर्थ कप्प्याच्या रुंदीतच बसवावा लागतो, त्यामुळे तो आडव्या बर्थपेक्षा आखूड राहतो. पावणेसहा फुटांच्या वरच्या माणसाने साइडचा बर्थ मागू नये, त्याला रात्रभर गुडघे दुमडूनच निजावं लागेल.

खरी अडचण उंचीची आहे. डब्यात मधोमध जमिनीपासून छतापर्यंत अडीच मीटरच्या आसपास जागा असते आणि कडेला छत गोल होत खाली येतं. खालचा बर्थ जमिनीपासून दीड फुटावर. उरलेल्या दोन मीटरमध्ये तीन माणसं आणि दोन फळ्यांची जाडी. प्रत्येकाच्या वाट्याला साठ-पासष्ट सेंटिमीटर येतात. आता घरी टेप घ्या, पाटावर ताठ बसा आणि बैठकीपासून डोक्यापर्यंत मापून पाहा. आपल्याकडच्या पुरुषाचं हे माप साधारण ८५ सेंटिमीटर भरतं, उंच माणसाचं ९०. बायकांचं त्याहून पाच-सहा सेंटिमीटरने कमी. म्हणजे मधला बर्थ उघडला की खालच्यालाही ताठ बसता येत नाही आणि मधल्यालाही नाही. मान पुढे, पाठ कमानीसारखी आणि सगळा भार एका कोपरावर. अर्धा तास असं राहिलं की खांदा आणि कंबर बोलायला लागतात.

यातून एक गोष्ट निघते, ती विशेष लक्षात ठेवा. ज्यांना दमा आहे किंवा हृदयाचा त्रास आहे आणि रात्री उठून ताठ बसल्याशिवाय श्वास घेता येत नाही, त्यांच्यासाठी घरचे हट्टाने खालचा बर्थ घेतात. रात्री दहा ते सकाळी सहा ही मधला बर्थ उघडण्याची वेळ आहे. तेवढ्या काळात खालच्या बर्थवर ताठ बसायला जागाच नसते. अशा माणसाला साइड लोअर जास्त बरा, कारण साइडला दोनच बर्थ असतात आणि डोक्यावर मोकळी जागा राहते. २००० नंतरच्या दशकात साइडलाही मधला बर्थ बसवून पाहिला होता. लोकांनी इतकी ओरड केली की साध्या स्लीपरमधून तो काढावा लागला. ओरड रास्तच होती.

दिवसाच्या बसण्याकडे वळू. खालचा बर्थ दिवसा तिघांचं बाकडं होतो आणि मधला बर्थ खाली लोंबून त्याची पाठ होते. निजायला साठ सेंटिमीटर रुंदी लागतेच, पण तीच रुंदी बसताना बाकड्याची खोली होते. बुटक्या बाईच्या मांडीची लांबी, म्हणजे पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत, ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते. तिने पाठ टेकवली तर पाय अधांतरी राहतात आणि पाय टेकवले तर पाठीला आधार नसतो. बाकड्याची कड मांडीखाली रुतते, रक्त खाली साचतं आणि पाय सुजतात. उपाय सोपा आहे. दुमडलेली चादर किंवा गोधडी, साधारण १५ सेंटिमीटर जाड, पाठीमागे लावायची आणि पायाखाली आडवी पिशवी ठेवायची. दर तासाला उठून वाटेत दोन फेऱ्या मारल्या तर आणखी चांगलं.

आपली खोड म्हणजे मांडी घालून बसणं, आणि आरामही त्यातच मिळतो. पण मांडी घातल्यावर दोन गुडघ्यांमधलं अंतर सत्तर सेंटिमीटरपर्यंत जातं. सहा फुटांच्या बाकड्यावर तिघांना प्रत्येकी साठच मिळतात. तिघांनी एकदम मांडी घातली की भांडण ठरलेलं. खिडकीवाल्याने आणि वाटेकडच्याने मांडी घालावी, मधल्याने पाय खाली सोडावेत आणि तासाभराने जागा बदलावी.

सामानाचंही सांगून टाकू. स्लीपरला माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं आणि पेटीचं कमाल माप १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर आहे. तुरीच्या डाळीचं, तांदळाचं गाठोडं बर्थखाली कोंबताना बर्थच्या कडेखालची वीतभर जागा मोकळी सोडा. उठताना माणूस टाचा मागे घेतो आणि मग वजन पायांवर आणतो. टाचेला जागा नसली की म्हातारा माणूस हाताने ओढून उठतो, आणि हाताशी सापडते ती बहुतेक वेळा मधल्या बर्थची साखळी.

साखळीवर आलोच आहोत तर नीट थांबू. मधल्या बर्थला मागे बिजागरी असते. पुढची बाजू उचलली की ती वरच्या बर्थपासून लोंबणाऱ्या दोन साखळ्यांना अडकवायची. दोन्ही साखळ्यांना. गडबडीत एकच आकडी बसते आणि दुसरी नुसती टेकलेली राहते. कधी दोन बाजूंच्या कड्या वेगवेगळ्या धरल्या जातात, मग बर्थ तिरपा राहतो आणि सगळा भार एका आकडीवर येतो. कधी आकडीचं तोंड झिजून उघडलेलं असतं. गाडी सांधे बदलताना हादरते तेव्हा अशी आकडी निसटते. जून २०२४ मध्ये केरळहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत तेलंगणात बर्थ अंगावर पडून खाली झोपलेल्या प्रवाशाचा जीव गेला. साखळी नीट लावली नव्हती, असं रेल्वेने सांगितलं. आमचं मत असं, की घाईत, अंधारात, अनोळखी माणसाच्या हातून चुकू शकणारी आकडी ही मुळात आखणीतली उणीव आहे. आकडी बसल्याचा खट्ट आवाज यावा, बसली नाही तर बर्थ वर राहूच नये, एवढं करणं अवघड नाही. ते होईपर्यंत तपासणी आपल्यालाच करावी लागेल: बर्थ लावला की कडेला दोन्ही हातांनी जोरात खाली ओढून पाहायचं, आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि त्यानंतरच वर चढायचं. मधला बर्थ आपला नसला तरी खाली निजणाऱ्याने हे पाहून घ्यावं.

चढण्याचा त्रास गुडघे गेलेल्यांनाच कळतो. बऱ्याच डब्यांत वर चढायला वाटेकडच्या टोकाला अरुंद दांडे असतात. सरळ उभी शिडी, पकडायला वर धड काही नाही. चांगल्या शिडीत दोन पायऱ्यांमधलं अंतर तीस सेंटिमीटरच्या आत असावं, पायरी सपाट आणि तळव्याचा पुढचा भाग पूर्ण टेकेल एवढी असावी, आणि वर बर्थच्या तोंडाशी मूठ बसेल असा दांडा असावा. गोल नळीवर सगळं वजन तळव्याच्या एका रेघेवर येतं. अनवाणी चढलं तर दुखतं आणि ओली चप्पल घातली तर घसरते. पाय पुसून अनवाणीच चढा, चप्पल खाली पिशवीत ठेवा. पाचवारीचा घोळ आधी खोचून घ्या. नऊवारीवाल्या आजींना काष्ट्यामुळे ती अडचण येत नाही.

माणसं पडतात ती जास्त करून उतरताना. वर बसून पाय खाली सोडायचे आणि समोर तोंड करून उतरायचं, ही सवय वाईट. त्यात पायरी दिसत नाही. आधी पोटावर वळा, तोंड बर्थकडे ठेवा, पाय वाटेच्या टोकाकडे न्या आणि एक पाय दांड्यावर पक्का बसल्यावरच दुसरा सोडा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत. त्यासाठी निजतानाच डोकं खिडकीकडे आणि पाय वाटेकडे ठेवा. रात्री लघवीला उठावं लागणाऱ्याने वरचा बर्थ घेऊच नये.

मे महिन्यात तर वरच्या बर्थचा प्रश्न आणखी वाढतो. चंद्रपूर, वर्ध्याकडे पारा ४५ च्या वर जातो, डब्याचं छत दिवसभर तापतं आणि सूर्य मावळल्यावरही ती धग वरच्या बर्थवर उतरत राहते. लहान मूल, गरोदर बाई किंवा रक्तदाबाचा रोगी यांना उन्हाळ्यात वर पाठवू नका.

साइड लोअरमध्ये एक खोट आहे. दोन खुर्च्यांच्या पाठी आडव्या पाडून तो बर्थ होतो आणि सांधा बरोबर कमरेखाली येतो. त्या खाचेत सतरंजीची घडी घालून वरून चादर पसरली की कंबर वाचते. आरएसी तिकिटावर याच बर्थवर दोघांना बसवतात. तेव्हा पाठी पाडण्याआधी पाय कुणाचे कुठे, हे बोलून घ्यावं.

आता तिकीट काढतानाचं. बर्थच्या आकड्याला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ उरली तर मधला, ३ किंवा ६ उरली तर वरचा. ७ उरली तर साइड लोअर आणि काहीच उरलं नाही तर साइड अप्पर. ३६ नंबर खालचा, ३९ साइड लोअर. आणखी एक पाहा. चाकांच्या ट्रॉल्या डब्याच्या दोन टोकांखाली असतात, त्यामुळे टोकाच्या कप्प्यांत हादरे जास्त, शिवाय संडासाचा वास आणि दाराची धडधड. ७२ बर्थच्या डब्यात ३३ ते ४० हा मधोमधचा कप्पा. पाठीचं ऑपरेशन झालेल्याला तोच बरा.

स्लीपरच्या डब्यात सहा ते सात खालचे बर्थ ६० वर्षांवरचे पुरुष, ४५ वर्षांवरच्या बायका आणि गरोदर महिला यांच्यासाठी राखीव असतात. पण त्यात एक अट आहे. अशी व्यक्ती एकटी असावी, किंवा त्याच अटीत बसणारे दोघेच एका तिकिटावर असावेत. आजीसोबत नातवाचं नाव त्याच तिकिटावर घातलं की हा कोटा मिळत नाही. नातवाचं तिकीट वेगळं काढा. ऑनलाइन काढताना खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट घ्या, असाही पर्याय आहे, तो निवडा. खिडकीवर फॉर्म भरताना वय खरं लिहा. गाडीत खालचा बर्थ रिकामा असेल तर म्हाताऱ्या, दिव्यांग किंवा गरोदर प्रवाशाला तो देण्याचा अधिकार टीसीला आहे. मागायला लाजू नका.

नव्या आखणीचे प्रयोग झाले आहेत. २०२१ मध्ये कपूरथळ्याच्या कारखान्यातून थ्री-टियर एसी इकॉनॉमीचा डबा आला. त्यात शिडी सुधारली, मधल्या आणि वरच्या बर्थवर डोक्याला थोडी जागा वाढवली आणि प्रत्येकाला वाचायचा दिवा दिला. विजेची कपाटं डब्याच्या पोटाखाली हलवून आत जागा काढली. त्या जागेत बर्थ मात्र ७२ चे ८३ केले. आकडा पुन्हा जिंकला. २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये दोन खालच्या बर्थना तान्ह्या बाळासाठी ७७ सेंटिमीटर लांब आणि साडेपंचवीस सेंटिमीटर रुंद अशी जोडपट्टी लावून पाहिली. मापं लहान, पण विचार योग्य दिशेचा. तोवर बाळंतिणीने बाळाला भिंतीकडच्या बाजूला घ्यावं आणि मोकळ्या कडेला आपण निजावं.

साखळी तुटलेली, शिडीचा दांडा ढिला किंवा पंखा बंद असेल तर १३९ या नंबरवर फोन करा. सांगताना गाडी नंबर, डब्याचा नंबर, बर्थ नंबर आणि नेमकं काय मोडलंय ते सांगा. "बर्थ खराब आहे" एवढंच सांगितलं तर मिस्त्री रिकाम्या हातांनी येतो. "एस-५, बर्थ ३४, डावी साखळी, आकडी उघडली" असं सांगितलं तर पुढच्या मोठ्या स्टेशनवर तो आकडी घेऊनच चढू शकतो.

नमस्कार.