पाहुणेपण संपते तेव्हा

अध्यक्ष महोदय, संयोजक मंडळी आणि उपस्थित सुहृदहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘परदेशी विद्यार्थी आणि यजमान समाजाची जबाबदारी’ असा छापला आहे. पुढच्या महिन्यात आपल्याकडे वर्षभरासाठी एक विद्यार्थी येतो आहे, त्याची स्वागत समिती नेमली गेली आहे आणि फलकावरचा मजकूरही ठरला आहे, हे आपण सर्वजण जाणता. त्या पहिल्या दिवसाची मला काळजी नाही. आपल्यासारख्या लहान वस्तीला उत्साह कधी कमी पडत नाही. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या दुसऱ्या महिन्याविषयी, आणि त्यासाठी करायच्या चार गोष्टींविषयी. त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

विद्यार्थ्यांची ही देवाणघेवाण ज्यांनी रुजवली, त्यांतले अनेकजण रुग्णवाहिका चालवणारे स्वयंसेवक होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्समधल्या जखमी सैनिकांना वाहून नेण्यासाठी ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातही या संघटनेच्या चालकांनी तेच काम केले. युद्ध संपल्यावर त्यांना वाटले की माणसे जखमी झाल्यावर उचलण्यापेक्षा ती आधीच एकमेकांच्या घरात राहिलेली बरी. १९४७ साली त्यांच्या शालेय कार्यक्रमातून दहा देशांतले ५२ विद्यार्थी अमेरिकेत आले. १९५१ साली जर्मनीतून ७५ किशोरवयीन मुले मिशिगनमध्ये आली आणि त्यातून पुढे ‘युथ फॉर अंडरस्टँडिंग’ ही संस्था वाढली. सहाच वर्षांपूर्वी ज्या देशाशी युद्ध चालले होते, त्या देशातले पोर आपल्या घरात झोपवायचे आणि सकाळी शाळेसाठी उठवायचे, हा विचार सुचणे आणि तो घरोघरी पटणे, या दोन्ही गोष्टींचे मला आजही अप्रूप वाटते. जर्मनीतून आलेल्या या मुलांना वसतिगृहात न ठेवता कुटुंबात ठेवले गेले, आणि माझ्या सगळ्या बोलण्याचा पाया या एका निर्णयात आहे.

आता माझ्या मनातली जुनी खंत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी सोळा वर्षांची एक मुलगी राहायला आली. स्वागत समारंभ थाटात झाला, भाषणे झाली, आणि त्या भाषणांत तिचे नाव चुकीचे उच्चारले गेले. तिने हसून एकदा दुरुस्त केले, मग दुसऱ्यांदा केले आणि तिसऱ्यांदा केले नाही. तेव्हापासून तेच चुकीचे नाव शाळेत, शेजारी आणि आमच्या घरातही रूढ झाले. चार महिन्यांनी तिच्या आईचा फोन आला, तेव्हा फोनवर ते नाव मी प्रथमच नीट ऐकले. मधला स्वर लांब होता आणि शेवटचे अक्षर जवळजवळ मुके होते. मी खोलीत उभा होतो आणि मला अक्षरशः घाम फुटला. चार महिने आम्ही त्या मुलीवर मनापासून प्रेम करत होतो, पण हाक मात्र दुसऱ्याच कुणाला तरी मारत होतो.

पहिले तीन आठवडे रोज संध्याकाळी कुणाचे ना कुणाचे बोलावणे असे. सगळे तिला एकच प्रश्न विचारत, “आवडलं का इथे?” या प्रश्नाला होकाराखेरीज दुसरे उत्तर कोणते देता येणार? चौथ्या आठवड्यात बोलावणी थांबली. त्यात कुणाचा दोष नव्हता. प्रत्येकाच्या घरी एकेकदा येऊन झाले होते आणि जो तो आपापल्या कामाला लागला होता. घरात ती ताट उचलू लागली की आम्ही तिच्या हातातून ते काढून घेत असू. तिला किल्ली दिली नव्हती, कारण दार उघडायला कुणीतरी असतेच, असा आमचा हिशेब होता. एकदा मी उशिरा परतलो, तेव्हा ती पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली दिसली. घरात माणसे होती. मी विचारले, “घंटा का नाही वाजवलीस?” ती म्हणाली, “दुपारपासून दोनदा वाजवली होती, सारखं कुणाला उठवायचं?”

मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९५४ साली रिओ दि जानेरो इथे महिला मंडळापुढे भाषण करताना ‘कल्चर शॉक’चे, म्हणजे परक्या संस्कृतीत बसणाऱ्या धक्क्याचे, जे टप्पे सांगितले, त्यांत पहिला टप्पा मधुचंद्राचा आहे आणि दुसरा संकटाचा. पुढच्याच वर्षी स्वेर्रे लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी आणि अठरा महिन्यांहून अधिक राहिलेल्यांपेक्षा मधल्या मुदतीत राहिलेल्यांचे जुळवून घेणे त्यांना कमी प्रतीचे आढळले. ते प्रौढ होते, आपल्याकडे येणारी मुले पंधरा ते अठरा वर्षांची असतात, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण मधला उतार असतो, हे आमच्या पायरीवर मी पाहिले आहे, आणि तो नेमका स्वागताचा भर ओसरल्यावर लागतो.

तिच्या बाबतीत तो उतार कसा संपला, ते ऐका. आमच्या वाचनालयात शनिवारी दार उघडायला माणूस मिळत नव्हता. कुणीतरी सहज म्हणाले, “हिलाच सांगू या.” तिला किल्ली दिली, नोंदवही दाखवली आणि पुस्तक परत आले की तारखेवर रेघ कशी मारायची, ते शिकवले. दुसऱ्याच शनिवारी ती वीस मिनिटे उशिरा पोहोचली. बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या एका आजींनी तिची चांगलीच खरडपट्टी काढली. ती घरी आली ती धावतच, आणि दारातून म्हणाली, “आज मला ओरडा बसला!” इतका आनंद तिच्या चेहऱ्यावर आम्ही स्वागत समारंभातही पाहिला नव्हता. इथे आल्यापासून तिच्यावर कुणी रागावलेच नव्हते, आणि जिच्यावाचून कुणाचे अडत नाही, तिच्यावर कोण रागावणार? त्या दिवसापासून किल्ली दोरीत ओवून ती गळ्यात घालत असे. आम्ही त्याच संध्याकाळी तिला घराचीही किल्ली दिली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटे उरली आहेत. तेव्हा कबूल केलेल्या चार गोष्टी आता झपाट्याने सांगतो.

घराची किल्ली पहिल्या आठवड्यात द्यावी आणि घरकामातला एक ठरलेला वाटा किल्लीसोबतच सोपवावा. तो वाटा हौसेचा नसावा, न केल्यास घरात कुणाची तरी अडचण होईल असा असावा. वस्तीनेही वाचनालय, खेळाचा संघ किंवा गायनवृंद अशा ठिकाणी दुसऱ्या महिन्यापासूनची एक जागा येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आजच राखून ठेवावी.

यजमान कुटुंबाला एकटे सोडू नये. रोटरीच्या वर्षभराच्या कार्यक्रमात विद्यार्थी साधारणपणे एकाहून अधिक घरांत राहतो. अमेरिकेच्या शालेय विनिमयाच्या नियमांत स्थानिक समन्वयकाने दर महिन्याला विद्यार्थ्याशी आणि कुटुंबाशी संपर्क साधावा, असे बंधन आहे, आणि घरातल्या प्रौढ व्यक्तींची गुन्हेविषयक पार्श्वभूमी तपासली जाते. या तपासणीचा कुणी अपमान मानू नये. मूल दुसऱ्याचे आहे. घराबाहेरची एक विश्वासू व्यक्ती अशी असावी, जिच्यापाशी त्याला आमच्याविरुद्धही बोलता येईल.

परतीचाही विचार हवा. घरी गेल्यावर तसाच दुसरा उतार लागतो, असे गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ साली मांडले. म्हणून निरोपानंतर पत्र तीन महिन्यांनी जावे, पहिल्या आठवड्यात तर सगळेच लिहितात.

चौथी गोष्ट नावाची. येणाऱ्या मुलाने माझ्या विनंतीवरून आपले नाव स्वतःच्या आवाजात पाठवले आहे. ध्वनिक्षेपक सुरू आहे. मी ते तीनदा ऐकवतो. नंतर आपण सर्वांनी ते माझ्यासोबत मोठ्याने म्हणावे.