हातचं न राखता

बसा बसा, मागे जागा आहे अजून. सुरुवातीलाच एक गणित विचारते. सहा भागिले एक छेद दोन, किती? बारा, बरोबर. कसं काढलंत? उलटं करून गुणलं. सगळ्यांनी तसंच काढलं असणार, मीही शाळेपासून तसंच काढत आले. आता सांगा, उलटं का करायचं?

हे आत्ता सगळे जसे गप्प झालात ना, तशीच मी झाले होते दोन वर्षांपूर्वी, शेजारच्या सहावीतल्या मुलीसमोर. ती वही घेऊन आली होती, काकू हे उत्तर बरोबर आहे का एवढंच विचारायला, मी बघितलं आणि हो म्हटलं, तर जाता जाता दारात थांबून म्हणाली, "पण उलटं का करतात?" मी म्हटलं, तसा नियम आहे. "हो, बाईपण तेच म्हणाल्या," एवढं बोलून गेली ती.

मी आयुष्यभर आकड्यांचं काम केलं, हिशेब तपासायचं. नुकतीच रिटायर झाले होते आणि ते दिवस, खरं सांगते, फार जड गेले. सकाळी उठून आवरायचं ते कशासाठी, हेच कळेना. सगळे म्हणायचे छंद शोध, फिरायला जात जा. मी वहीत दोन कॉलम पाडले होते, मला काय आवडतं आणि मला काय येतं, आणि त्यातून आयुष्याचा हेतू बाहेर पडेल म्हणून रोज ती वही उघडून बसायचे. तीन महिने बसले. काहीही बाहेर पडलं नाही.

आणि त्या रात्री, मुलगी गेल्यावर, मी कागदाच्या पट्ट्या कापायला घेतल्या.

सहाला अर्ध्याने भागायचं म्हणजे सहामध्ये अर्धा किती वेळा मावतो ते बघायचं, एकात दोनदा, म्हणून सहात बारा वेळा, इथपर्यंत ठीक आहे, हे कोणीही सांगेल. पण एकाला दोन छेद तीनने भागा बघू. एक लांब पट्टी घेतली, तिचे तीन सारखे भाग घडी घालून केले, त्यातल्या दोन भागांएवढी दुसरी पट्टी कापली आणि पहिलीवर ठेवली. एकदा बसली. उरला एक भाग. आता तो उरलेला भाग म्हणजे किती? मी पटकन म्हटलं एक तृतीयांश, आणि तिथेच अडकले, कारण मग उत्तर एक पूर्णांक एक तृतीयांश यायला हवं आणि येतं तर दीड. बराच वेळ बघत राहिले. मग लक्षात आलं की मी चुकीच्या मापाने मोजतेय. प्रश्न असा आहे की ती छोटी पट्टी किती वेळा बसते, तर उरलेला भाग त्या छोट्या पट्टीशी ताडून बघायला हवा, आणि तो तिच्या बरोबर निम्मा आहे. म्हणजे एकदा पूर्ण आणि एकदा निम्मी. दीड वेळा. दीड म्हणजे तीन छेद दोन. म्हणजे दोन छेद तीन उलटं होऊन समोर पडलेलं होतं, माझ्या टेबलावर, कागदात!

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं आणि ठरवलं की आपण सांगायचं नाही, फक्त पट्ट्या द्यायच्या. तीसुद्धा एक तृतीयांश म्हणाली. मी गप्प बसले, आणि गप्प बसणं फार अवघड असतं हो. तिने ती छोटी पट्टी उचलली, मधोमध दुमडली, उरलेल्या भागावर ठेवली आणि एकदम ओरडली, "काकू, हे तर उलटंच झालं की!" तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या रात्री मी ती दोन कॉलमची वही कपाटात टाकली, ती परत काढलेली नाही.

म्हणजे माझं म्हणणं एवढंच आहे की हेतू असा बसून शोधून सापडत नाही. आपण काहीतरी नीट शिकतो, ते कोणाच्यातरी उपयोगी पडतं, आणि त्या दोन माणसांच्या मधे कुठेतरी तो असतो. एकट्याने विचार करून मला जे तीन महिन्यांत मिळालं नाही ते एका मुलीच्या 'का'ने एका दिवसात दिलं, आणि ते मला आधीपासून येत होतं असंही नाही, तिने विचारलं म्हणून मी ते शिकले. आधी शिकून घ्या आणि मग वाटा, असा हा क्रमच नाहीये. वाटायला गेलं की कळतं आपल्याला काय येत नाही.

यावर अभ्यासही झालेत. 2002 साली रोझेनब्लिट आणि काइल या दोन संशोधकांनी लोकांना विचारलं, झिप कशी चालते, फ्लश कसा चालतो हे तुम्हाला कितपत समजतं, मार्क द्या. लोकांनी बऱ्यापैकी मार्क दिले. मग म्हणाले, आता टप्प्याटप्प्याने लिहून दाखवा, आणि लिहून झाल्यावर परत मार्क द्या. मार्क खाली आले. झिप तीच, माणूस तोच, फक्त समजावून सांगायची वेळ आली. आणि 2014 चा एक प्रयोग मला जास्त आवडतो. एकच मजकूर दोन गटांना वाचायला दिला, एकांना सांगितलं नंतर तुमची टेस्ट आहे, दुसऱ्यांना सांगितलं नंतर तुम्हाला हे कोणालातरी शिकवायचंय. प्रत्यक्षात शिकवायला कोणालाच लावलं नाही, टेस्ट सगळ्यांचीच घेतली, पण शिकवायच्या तयारीने वाचलेल्यांना जास्त आठवलं आणि त्यांचं सांगणंही जास्त मुद्देसूद होतं. म्हणजे बघा, समोर कोणी नसलं तरी चालतं, समोर कोणीतरी येणार आहे एवढ्या विचारानेच वाचन बदलतं.

आता मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाबद्दल बोलते, कारण तो मला फार जवळचा वाटतो. जन्म 1791, लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी लंडनमधे एका बुकबाइंडरकडे कामाला लागला, सात वर्षं पुस्तकं बांधली आणि बांधता बांधता वाचली. 1810 पासून संध्याकाळच्या व्याख्यानांना जायला लागला, एका व्याख्यानाला एक शिलिंग पडायचा, तो मोठ्या भावाने दिला. तिथे कामकरी तरुण जमायचे, विज्ञानावर बोलायचे, एकमेकांना सांगायचे. मग 1812 मधे दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेने बसून नोट्स काढल्या, घरी येऊन त्या सविस्तर, आकृत्यांसकट, दुसऱ्याला वाचता येतील अशा लिहिल्या, सुमारे 300 पानं झाली, ती स्वतःच्या हाताने बाइंड केली आणि डेव्हीला पाठवली. 1813 च्या मार्चमधे त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधे, म्हणजे डेव्हीच्या लंडनमधल्या विज्ञानसंस्थेत, मदतनीस म्हणून घेतलं.

ही गोष्ट नेहमी चिकाटीची म्हणून सांगतात. मला तीत दुसरंच दिसतं. त्याच्या हाताशी काय होतं? पदवी नाही, ओळख नाही, गणितही फारसं येत नव्हतं. ऐकलेलं नीट समजून घेऊन दुसऱ्यासाठी मांडणं आणि पुस्तक बांधणं, या दोनच गोष्टी होत्या, आणि त्या दोन्ही त्याने त्या पानांत ओतल्या. पुढे 1831 मधे त्याने चुंबकापासून वीज कशी मिळते ते दाखवलं, जनरेटर त्याच तत्त्वावर चालतात. एवढा मोठा माणूस, पण रॉयल इन्स्टिट्यूशनमधे नाताळात मुलांसाठी व्याख्यानं असायची ती त्याने एकोणीस वेळा दिली, आणि त्यातली सगळ्यात गाजलेली मेणबत्तीवर आहेत. नुसती मेणबत्ती! ज्योत का पेटते, मेण वर कसं चढतं, धूर कशाचा असतो. ज्याला कोणीतरी एक तिकीट दिलं होतं, त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी दार उघडं ठेवलं.

याच्या उलटही बघितलंय मी. नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात एक सीनियर होते, कामात अतिशय तयार, ताळेबंदातली चूक त्यांना नुसती नजर फिरवून सापडायची. पण मी शेजारी जाऊन उभी राहिले की पान उलटायचे. विचारलं की सांगायचे, पण हातचं राखून, शेवटची पायरी तेवढी गाळून, म्हणजे परत त्यांच्याकडेच यावं लागायचं. मला त्यांचा राग यायचा, आता येत नाही. त्यांना भीती वाटत असावी की हे हिला आलं तर माझी गरज काय उरली. ते रिटायर झाले आणि ती चूक शोधायची नजर त्यांच्याबरोबर गेली. आम्ही कोणीच ती शिकलो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, त्यांच्यासाठीसुद्धा.

एक मात्र सांगते, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ निघेल. आलेला मेसेज पुढे ढकलणं म्हणजे ज्ञान वाटणं नाही. तो तुमच्यातून गेलेलाच नसतो, फक्त तुमच्या बोटातून गेलेला असतो. आणि न विचारता दिसेल त्याला शिकवत सुटणं, तेही नाही. त्या मुलीला मी पहिल्याच मिनिटाला सगळं सांगून टाकलं असतं तर तिचा तो आनंद मी हिसकावून घेतला असता. वाटायचं म्हणजे कधीकधी पट्टी पुढे सरकवायची आणि तोंड बंद ठेवायचं.

आता ती आठवीत आहे. तिचा नवा प्रश्न आहे, ऋण गुणिले ऋण धन का? मी तिला पॅटर्न करून दाखवला, तीन गुणिले ऋण दोन, मग तिनाच्या जागी दोन, मग एक, मग शून्य, उत्तर दर वेळी दोनने वाढतं, म्हणून पुढे ऋण एक गुणिले ऋण दोनचं उत्तर धन दोन. तर म्हणते, "पण पॅटर्न पुढे तसाच चालू राहील कशावरून?" मग कर्जाचं उदाहरण दिलं, दोन-दोनची तीन कर्जं कोणी काढून घेतली तर आपण सहाने वर येतो. ते पटलं तिला, पण म्हणाली, "कर्जाचं ठीक आहे काकू, संख्येला कुठे माहितीये कर्ज?" अकरा दिवस झाले, मी यावर बसलेय. कंस उघडून करायची एक वाट दिसतेय, पण ती तिच्या हातात कशी द्यायची ते अजून सुचत नाहीये. रविवारी येणार आहे ती. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर मी बाहेर थांबतेय, वही आणलीय बरोबर.