हरलेल्या खटल्यातून झालेला करार

ही नास नदी. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा वायव्य कोपरा, अलास्काच्या हद्दीला लागून. इथे निस्गा या मूळ रहिवासी लोकांची चार गावं आहेत.

१८८७ साली त्यांचे प्रमुख जमिनीचा प्रश्न घेऊन प्रांताच्या राजधानीत, व्हिक्टोरियाला गेले. प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, विल्यम स्मिथ यांनी त्यांना वाटेला लावलं. १९१३ मध्ये त्यांनी थेट लंडनला अर्ज धाडला. हाती काही लागलं नाही. १९२७ मध्ये तर कायदाच झाला: जमिनीच्या दाव्यासाठी सरकारच्या परवानगीशिवाय पैसे गोळा करणं हा गुन्हा. म्हणजे वकील करायचीही सोय उरली नाही. ही बंदी उठली १९५१ मध्ये.

मग निस्गा नेते फ्रँक काल्डर यांच्या पुढाकाराने खटला उभा राहिला. १९७३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मोठा विलक्षण आहे. निस्गा हरले, तेही एका तांत्रिक मुद्द्यावर. पण गोरे येण्याआधीपासून या जमिनीवर मूळ रहिवाशांचा हक्क होता, हे सातपैकी सहा न्यायमूर्तींनी मान्य केलं. तो हक्क अजून शिल्लक आहे का? यावर तीन विरुद्ध तीन! एवढी शंका केंद्र सरकारला पुरली. १९७६ मध्ये बोलणी सुरू झाली. जमीन ज्याच्या ताब्यात, ते प्रांत सरकार मात्र १९९० मध्ये सामील झालं.

निस्गा नेते जोसेफ गोस्नेल यांच्या नेतृत्वाखाली झालेला करार ११ मे २००० ला लागू झाला. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जमीन, सामन माशांचा ठरलेला वाटा, स्वतःचं सरकार. बदल्यात जुन्या मुलुखाच्या बहुतेक भागावरचा दावा सुटला, आधीपासून असलेली करमाफीही टप्प्याटप्प्याने गेली. सगळ्या निस्गांना हे पटलं नव्हतं. शेजारच्या गितान्यू लोकांनी तर आमचीही जमीन यात धरली म्हणून हरकत घेतली.

आणि इतक्या वर्षांच्या बोलण्यांचा खर्च? वकील, नकाशे, प्रवास? त्यासाठी निस्गांनी कर्ज काढलं. आपल्याच जमिनीबद्दल सरकारशी बोलायला, त्याच सरकारकडून! करारानंतर एकीकडून भरपाईचे हप्ते येत, दुसरीकडून कर्जाचे जात. अशी कर्जं माफ करायचं आणि फेडलेली रक्कमही परत द्यायचं केंद्र सरकारने जाहीर केलं, ते २०१९ च्या अर्थसंकल्पात.