कॉस्टरच्या शेताखालची वस्ती

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या इलिनॉय नदीच्या खोऱ्यात, टेकडीच्या पायथ्याशी, थिओडोर कॉस्टर या शेतकऱ्याचं शेत होतं. 1969 साली पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी तिथे उत्खनन सुरू केलं. हजारो वर्षं टेकडीवरची माती ओघळून प्रत्येक वस्तीवर पांघरूण घालत गेली होती, म्हणून थर अगदी सुटे सुटे मिळाले. सुमारे दहा मीटर खोल जावं लागलं. खाली पाणी लागायचं, ते पंपाने उपसत काम चालायचं.

जागा मोठी मोक्याची. वर पठारावर प्रेअरी, म्हणजे उंच गवताचं रान. उतारावर ओक आणि हिकरीचं जंगल. खाली उथळ तळी. सुमारे 8,000 ते 5,000 वर्षांपूर्वी हवा कोरडी होत गेली आणि पठारावरचं जंगल हटून गवत पसरलं. माणसांनी मात्र नदीकाठ धरून ठेवला. पूर ओसरला की तळ्यांत मासे अडकत, हंगामात बदकं उतरत, उतारावर हिकरीची फळं पडत.

हे खाणं कळलं कसं, तर माती धुऊन! तळाला जाळी असलेल्या भांड्यात माती घालून ते पाण्यात हलवायचं. माती निघून जाते. जळून कोळसा झालेल्या बिया वर तरंगतात, त्या गाळणीने टिपायच्या. नुसत्या चाळणीतून हे सारं निसटायचं. हाती हाडं आणि दगडी टोकंच उरत, आणि ही माणसं निव्वळ शिकारी ठरत. हा अन्याय या साध्या युक्तीने दूर केला, म्हणून मला तिचं फार मोल वाटतं.

हिकरी अक्रोडाच्या कुळातलं झाड. फळाचं कवच इतकं टणक, की एकेक फोडून गर कोरत बसणं परवडायचं नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातले क्रीक हे मूळनिवासी लोक अलीकडच्या काळापर्यंत ती कवचासकट ठेचून उकळत. तेलकट गर पाण्यात उतरे, कवचं गाळून टाकत. कॉस्टरच्या लोकांचीही रीत अशीच असावी.

तिथे सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचे कुत्रेही सापडले. कापल्याची खूण नाही, प्रत्येकाला वेगळा खड्डा करून नीट पुरलेलं.

आधी शेती, मग पक्की घरं, असा क्रम आपण शाळेत शिकलो. इथे शेतीआधीच लोकांनी खांब रोवून घरं उभारली होती. चाकवताच्याच कुळातली एक वनस्पती त्या प्रदेशात मुद्दाम पेरली जाऊ लागली ती त्यानंतर, आणि मका तर त्याहून कितीतरी उशिरा आला.