जिप्सीचं इंजिन, विमानाचं नाक

(नाशिकमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि छोटे कारखानदार यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माझा धंदा क्रँक ग्राइंडिंगचा, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा घासून नीट करायचा. अंबडला शेड आहे, बोअरिंगचं मशीन आहे, तीस वर्षं लोकांची बसलेली इंजिनं उभी करतोय. विमानाचा इंजिनियर मी नाही. समोर ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेली दोन-तीन माणसं दिसतायत. त्यांच्या हाताखालून मिग गेली, सुखोई गेली. त्यांच्यासमोर मी विमानावर बोलायचं म्हणजे येवल्यात जाऊन पैठणी विकायची. तरी बोलतो, कारण झालेल्या चुका माझ्या आहेत आणि त्या मलाच नीट सांगता येतील.

आमचे एक स्नेही आहेत. हौसेनं त्यांनी दोन माणसांचं छोटं विमान बांधलंय. त्याला आधी टू-स्ट्रोक इंजिन होतं. एके दिवशी दुकानात आले आणि म्हणाले, ‘‘काहो, मारुती जिप्सीचं इंजिन बसवलं तर?’’ मी म्हटलं, बसवू की, त्यात काय! त्या ‘त्यात काय’ला तीन वर्षं झाली.

कल्पना काही वेडगळ नाही. राइट बंधूंनी आधी मोटारीची इंजिनं करणाऱ्यांनाच पत्रं लिहिली होती. हवं तेवढं हलकं इंजिन कुणाकडे मिळेना, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलरनं सहा आठवड्यांत एक घडवलं, साधारण १२ अश्वशक्तीचं. आणि पंखे इंजिनाला थेट जोडलेले नव्हते. मधे चेन होती, पंखे इंजिनापेक्षा बरेच हळू फिरायचे. ही चेन लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

पुढे १९२९ साली अमेरिकेत बर्नार्ड पीटेनपोल या माणसानं फोर्डच्या मॉडेल ए गाडीचं इंजिन आपल्या लाकडी विमानाला लावलं आणि ते छान उडालं. का उडालं? ते इंजिन होतं सव्वातीन लिटरचं, पण ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती, आणि तीही मिनिटाला २२०० फेऱ्यांना. आजच्या पोरांना हसू येईल. पण ते आळशी इंजिन पंख्याच्या मनाजोगतं होतं. नंतर फोक्सवॅगन बीटलचं इंजिन आलं, शेवरोले कॉर्व्हेअरचं सहा सिलिंडरचं आलं. दोन्ही हवेनं थंड होणारी, पंखा थेट क्रँकवर. कॉर्व्हेअरचे क्रँक पुढे तुटायला लागले, तेव्हा लोकांनी पंख्याच्या बाजूला एक जादा बेरिंग बसवलं. क्रँकवाला म्हणून मला याचं नवल वाटलं नाही. गाडीच्या क्रँकला ढकलतो तो फक्त क्लच. विमान वळलं की फिरता पंखा क्रँकचं नाक पिरगाळतो, आणि त्याचा हिशेब गाडीच्या क्रँकमध्ये कुणी केलेलाच नसतो.

आता जिप्सीकडे येऊ. १.३ लिटर, ब्लॉकसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचा, इंजेक्शनवाल्या मॉडेलला ८० अश्वशक्ती. पण कधी? ६००० फेऱ्यांना. आमचा पंखा १.७ मीटर व्यासाचा. तो मिनिटाला ५५०० वेळा फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला ४९० मीटरच्या आसपास जातो. आवाजाचा वेग आहे सुमारे ३४०. म्हणजे पंखा हवा ढकलण्याऐवजी नुसता किंचाळेल. बरं, पंख्याला सोसेल म्हणून इंजिनच २७०० वर चालवायचं, तर ८० तले ३५-४० हातात येतात. मग गाडीचं इंजिन आणलं कशाला? म्हणून मधे गिअरबॉक्स, म्हणजे राइट बंधूंची ती चेनच. आम्ही २.२ ला १ असा घेतला. इंजिन ५५००, पंखा २५००, टोकाचा वेग २२० च्या आसपास. कागदावर फार सुंदर दिसतं हे.

विमान आम्ही सिन्नर रस्त्याला एका शेतात कडुनिंबाला साखळीनं बांधून चालवायचो. अकरा तास झाले, सगळं गुळगुळीत. बाराव्या तासाला स्नेह्यांनी गिअरबॉक्सखाली बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर काळी भुकटी. काजळीसारखी बारीक. ते रबर होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं रबर कपलिंग आतल्या आत दळलं जात होतं, आणि वरून हात लावला तर इंजिन मांजरीसारखं गुरगुरत होतं.

नाशिकमध्ये हे समजावणं सोपं आहे. मिरवणुकीत ढोल वाजतो तेव्हा सगळ्या ठोक्यांना घराच्या काचा थरथरत नाहीत. एका विशिष्ट लयीलाच थरथरतात. चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेरीला दोन ठोके देतं. १५०० फेऱ्यांना सेकंदाला ५० ठोके. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला जड पंखा, मधे रबर, म्हणजे स्प्रिंगच. या जोडीची स्वतःची एक लय असते. ठोके त्या लयीला जुळले की शाफ्ट पिळायला लागतो, मागे-पुढे, मागे-पुढे. हे पिळणं बाहेर जाणवत नाही. जी थरथर हाताला कळते ती वेगळी.

आणि ही लय आम्हीच वर आणून ठेवली होती. वजन वाचवायचं म्हणून मी सात किलोचं फ्लायव्हील, म्हणजे क्रँकवरचं जड चाक, काढून एक पातळ चकती बसवली होती. फार अभिमान होता मला त्या चकतीचा. पण इंजिनाच्या बाजूचं जडत्व कमी झालं की ती वाईट लय वरच्या फेऱ्यांकडे सरकते. मारुतीच्या फ्लायव्हीलसह ती स्टँडिंगच्या, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवायच्या फेऱ्यांच्या, खाली राहिली असती, स्टार्ट करताना एक झटका देऊन गेली असती. आमच्या चकतीनं ती बरोबर १५०० ला आणली, जिथे आम्ही इंजिन गरम होईपर्यंत दहा-दहा मिनिटं थांबायचो. फ्लायव्हील परत बसवलं. कपलिंग जास्त मऊ घेतलं. स्टँडिंग १८०० केलं. भुकटी थांबली.

इंजिन उघडून पाहिलं तर बेरिंगं नव्यासारखी! हेच मी आज सांगायला आलोय: मारुतीनं जे केलं होतं त्यातलं काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते सगळं आम्ही जोडलेलं.

इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचंही तसंच. तुम्ही गाडीनं कसारा घाट चढता तेव्हा काटा कसा वर जातो, आठवा. विमान उडालं की त्याचा कसारा सुरू होतो, आणि घाटमाथा आला तरी इंजिनाला ७५ टक्के ताकद देत राहावीच लागते. गाडी सपाट रस्त्यावर ८० च्या वेगानं जाताना १०-१५ अश्वशक्ती पुरते. म्हणून गाडीच्या मापाचा रेडिएटर इथे चालत नाही. वर आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. मे महिन्यात ४० अंशाला इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाणित हवेपेक्षा १४ टक्के विरळ असते. इंजिनाची ताकद कमी, पंख्याची पकड कमी, रेडिएटरचा गारवा कमी. तिन्ही एकाच दुपारी.

वजनाचं चटकन सांगतो. नवं इंजिन ३८ किलोनं जास्त भरलं, तेही नाकात. ९ किलोची बॅटरी पुढून काढून शेपटीकडे नेली, इंजिन चार बोटं मागे घेतलं, तेव्हा तोल जमला. पण विमानाची एकूण वजनाची मर्यादा तीच राहते, त्यामुळे ३८ किलो पेट्रोलातून आणि सामानातून वजा.

विजेकडे मात्र नीट लक्ष द्या. विमानाच्या जुन्या इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात, ते आपली वीज आपणच करतात, बॅटरी मेली तरी ठिणगी पडते. गाडीचं इंजेक्शन इंजिन बॅटरीशिवाय म्हणजे लोखंडाचा गठ्ठा. २००७ साली जर्मनीत श्पायरला काय झालं, ऐका. दोन इंजिनांचं छोटं विमान, दोन्ही डिझेल, मोटारीच्या इंजिनावरून घेतलेली. बॅटरी उतरलेली होती, बाहेरून वीज देऊन सुरू केलं. उडाल्यावर चाकं आत घ्यायचं बटण दाबलं. त्या मोटरनं वीज ओढली, व्होल्टेज क्षणभर पडलं, दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाले आणि दोन्ही पंखे थांबले. माणसं वाचली. इथेही दोन्ही इंजिनं ठणठणीत होती, बरं का. आम्ही दोन बॅटऱ्या, दोन पेट्रोल पंप आणि वेगवेगळे स्विच ठेवलेत. गाडीचा मूळ कॉम्प्युटर काढून टाकला. एखादा सेन्सर बिघडला की तो ताकद कमी करतो, ‘हळूहळू गॅरेजला चल’ म्हणतो. वर कुठलं गॅरेज?

पेट्रोलचा एक त्रास आपल्याकडे वाढलाय. पंपावर आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषतं, पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि फायबरच्या टाकीतली काही रेझिनं ते मऊ करतं. आमची टाकी फायबरची होती. आता अ‍ॅल्युमिनियमची आहे.

(प्रश्नोत्तरांमधून)

एका विद्यार्थ्यानं विचारलं, ‘‘सर, मग विमानाचंच इंजिन का घेतलं नाही?’’ बरोबर आहे. पैसे वाचतील म्हणून जो येतो त्याला मी चहा पाजून परत पाठवतो. जुनं इंजिन स्वस्तात मिळालं, पण गिअरबॉक्स, रेडिएटर, माउंटिंग यांनी त्याच्या कितीतरी पट खर्च केला. हे करायचं तर करण्यात मजा येते म्हणून. अमेरिकेतही सरकारला हा फरक माहीत आहे. प्रमाणित इंजिन-पंख्याची जोडी असेल तर हौशी विमानाला २५ तासांची चाचणी पुरते, नसेल तर ४० तास लागतात.

परवानगीचं? डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, कागदाशिवाय चाक जमिनीवरून सुटता कामा नये. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं, नोंदणी झाली २०१७ ला. घाई असणाऱ्यांनी ड्रोन घ्यावा.

‘‘मग तुमचं उडणार कधी?’’ आज मीटरवर ३१ तास झालेत, सगळे कडुनिंबाला बांधून. स्नेही रोज विचारतात. शंभर तास होऊ द्या म्हणतो. शंभर झाले की गिअरबॉक्स परत उघडणार आहे. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि ते आत्ता तिसऱ्या रांगेत बसलेत.