मशीनचा आवाज आणि गोधडीची सवड

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर शिवणकामाबद्दल बोलायचं म्हणजे तशी पंचाईतच. टाका दाखवता येत नाही, कापड तुमच्या हातात देता येत नाही. आपल्यामध्ये आहे तो फक्त आवाज. पण शिलाई मशीनबद्दल मला जे थोडंफार कळलंय, त्यातलं निम्मं कानांनीच कळलंय. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ठाकठीक मशीन एका लयीत चालतं, इतकं की आपलं तिकडे लक्षही जात नाही. सुई बोथट झाली की त्या लयीत प्रत्येक टाक्याला एक ‘टप्’ मिसळतो, कारण सुई आता कापडात अलगद शिरत नाही, कापड फोडत जाते. तेल आटलं की कुठेतरी बारीक करकर सुरू होते. बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाच्या, घरात कापसाचा भुगा साचला की आवाज दबतो, उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा. आणि धातूवर धातू आपटल्याची खटखट आली, तर पुढचा एकही टाका न घालता पाय उचलायचा. बहुतेक वेळा सुईचा स्क्रू ढिला झालेला असतो किंवा सुई वाकलेली असते. दुर्लक्ष केलंत तर पुढचा आवाज सुई मोडल्याचा.

हे सगळे आवाज मी कितीतरी वर्षं ऐकून न ऐकल्यासारखे केले. ‘एवढी ओळ संपू दे, मग बघू’ हे माझं ठरलेलं वाक्य. ओळ संपायची आणि पुढची सुरू व्हायची.

शेवटी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब गोधडी, तिच्यावर पाच-पाच सेंटिमीटरवर उभ्या सरळ रेषा. म्हणजे 30 रेषा, प्रत्येकी दोन मीटर, एकूण 60 मीटर शिलाई. टाका अडीच मिलिमीटरचा धरला तर एका मीटरला 400 टाके, आणि सगळ्या गोधडीला 24,000. घरगुती मशीन मिनिटाला 800 टाके घालतंय असं धरा. नुसती शिलाई झाली 30 मिनिटांची. तेच मशीन निम्म्या वेगाने चालवलं तर 60 मिनिटं. म्हणजे पाय दाबून दाबून, खांदे आखडून, दात-ओठ खाऊन मी वाचवत काय होते, तर अर्धा तास! कापड धुणं, कापणं, तुकडे जोडणं, इस्त्री, तीन थर एकमेकांवर बसवणं, यात कित्येक दिवस जातात ते वेगळेच. आणि वेगात वाकडी गेलेली एक रेषा उसवायची म्हणजे 800 टाके. ते उसवायला अर्धा तास पुरत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

तसा दोष यंत्राच्या जन्मातच आहे म्हणा. हे यंत्र घडवलंच वेगासाठी. एलायस होव यांना 1846 साली अमेरिकेत पेटंट मिळालं ते दोन दोऱ्यांच्या टाक्याचं, म्हणजे वरून सुईचा दोरा आणि खालून दुसरा. सुईचं नाक टोकाशी ठेवलं म्हणून हे जमलं. हातसुईचं नाक मागच्या टोकाला असतं. पाच शिवणकाम करणाऱ्या बायका एकीकडे आणि हे यंत्र एकीकडे अशी शर्यत त्यांनी लावली होती आणि यंत्र जिंकलं होतं. आपण मात्र गोधडी शिवताना कुणाशीच शर्यत लावलेली नसते, तरी पाय खालीच.

हा टाका पडतो कसा ते एकदा बघाच. मशीनचं बटण बंद करा, प्लग काढा, बॉबिनजवळचं झाकण उघडा आणि चाक हाताने, आपल्या दिशेला, अगदी हळू फिरवा. सुई तळाशी जाते. मग ती दोनेक मिलिमीटर वर उचलली जाते, तेवढ्यात तिच्या मागे दोऱ्याचा एक इवलासा फुगवटा तयार होतो. शटल म्हणजे बॉबिनभोवती फिरणारा आकडा, त्याचं टोक नेमकं त्या फुगवट्यात शिरतं, त्याला धरून बॉबिनभोवती फिरवतं, वरचा दांडा दोरा परत ओढून घेतो आणि गाठ कापडाच्या पोटात बसते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चाक पंचवीसेक वेळा तरी फिरवलं असेल. कुठलंही काम न करता, नुसतंच. आजही नवीन शिकणाऱ्याला आधी हेच करायला लावते.

कारण एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की सुईबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. शटल आणि सुई यांच्यात केसाएवढं अंतर असतं. सुई पूर्ण वर सारलेली नसेल, जराशी वाकलेली असेल किंवा उलटी बसवली असेल तर शटलला तो फुगवटा सापडत नाही आणि टाका सुटतो. सुईची लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला आणि सपाट बाजू शटलकडे, एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही मशीनला पुरतं. सुईवरचा 90 हा आकडा म्हणजे तिची जाडी 0.9 मिलिमीटर, त्याच्या शेजारी 14 लिहिलेलं असतं, तो त्याच मापाचा जुना क्रमांक. सुती तुकडे जोडायला 80 नंबर चालतो, तिन्ही थरांतून जायला 90 बरा. आणि सुई बदला हो! मोडेपर्यंत तीच वापरायची सवय आपल्यापैकी पुष्कळांना असते. साधारण आठ तासांची शिलाई झाली की नवी घाला. सगळ्या मशीनमध्ये बदलायला सर्वांत सोपी आणि बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असणारी वस्तू तीच आहे.

आता माझी एक फजिती. एका रात्री ‘आज संपवायचीच’ असा हट्ट धरून बसले होते. वरून टाके सुरेख, आणि कापड उलटलं तर खाली दोऱ्याचं घरटं. गोंधळ खाली दिसतोय म्हणजे दोष बॉबिनचा, असं मी ठरवूनच टाकलं. बॉबिनच्या डबीवरचा इवलासा स्क्रू पिळला. फरक नाही. उलटा पिळला. फरक नाही. तिसऱ्यांदा तो स्क्रू निसटला आणि जमिनीवर कुठे गेला ते सकाळपर्यंत कळलं नाही. सकाळी शांतपणे पाहिलं तर चूक वरच्या दोऱ्यात होती. मी दाबपट्टी, म्हणजे कापड दाबून धरणारी सुईजवळची पट्टी, खाली असताना दोरा ओवला होता. दाबपट्टी खाली असली की वरच्या ताणाच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये न शिरता वरवर राहतो, त्याला काही ताणच मिळत नाही आणि तो सगळा खाली ओढला जातो. वर करून ओवला, काम झालं. खाली जाळं दिसलं तर आधी वर बघायचं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय. बॉबिनच्या स्क्रूला हात लावायचाच असेल तर घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच, इकडे किंवा तिकडे, आणि खाली एक ताट ठेवून.

गोधडीचं काम मशीनला इतर शिवणापेक्षा जास्त मळवतं. मधला थर, मग तो कापसाचा असो की तयार वॅडिंगचा, सुईच्या प्रत्येक फेरीत थोडा थोडा झडतो. हा भुगा सुईखालची पट्टी काढल्याशिवाय दिसत नाही. कापड पुढे सरकवणारे जे दाते असतात ना, त्यांच्या फटींत तो दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट होतो. मग दाते पुरते वर येत नाहीत, कापड अडखळतं, टाका आखूड पडायला लागतो, आणि आपण टाक्याची लांबी वाढवत बसतो. पट्टीचे स्क्रू काढा, बारीक ब्रशने भुगा बाहेर ओढा, फटीतला सुईच्या टोकाने उचला. तोंडाने फुंकू नका. फुंकरीबरोबर वाफ जाते आणि भुगा आणखी आत जातो. माझ्या ब्रशचे केस निम्मे झडलेत, पण दुसरा कुठलाही हातात बसत नाही.

तेलाचं म्हणाल तर शिलाई मशीनचं म्हणून मिळतं तेच पातळ, रंगहीन तेल. खायचं किंवा केसांना लावायचं तेल घातलं तर दोन दिवस मशीन छान पळतं आणि पुढे ते तेल आत चिकट होऊन बसतं. प्रत्येक सांध्याला एकच थेंब. शटल जिथे फिरतं त्या कड्यालाही एक थेंब, मग चाक हाताने फिरवा, जास्तीचं पुसा आणि चिंधीवर दोन-चार ओळी शिवा. नाहीतर पहिला डाग गोधडीच्या अगदी मधोमध पडतो. काही नव्या मशीनना वरून तेल द्यायचंच नसतं, म्हणून आधी मशीनची पुस्तिका पाहा.

अडगळीत पडून आखडलेलं जुनं लोखंडी मशीन असेल तर जोर लावू नका. सांध्यांवर थोडं रॉकेल सोडा, खिडकी उघडी ठेवा, जवळ आग नको. रात्रभर भिजू द्या. दुसऱ्या दिवशी चाक थोडं पुढे, थोडं मागे करत बघा. कधीकधी दोन-तीन दिवस लागतात. सुटलं की काळं झालेलं जुनं तेल पुसून घ्या आणि नवं द्या. ते चाक पहिल्यांदा पूर्ण फिरतं तेव्हाचा मऊसूत आवाज… तो मला इथे काढून दाखवता आला असता तर फार बरं झालं असतं.

आता वेग कमी केला की गोधडीत काय बदलतं ते सांगते. तुकडे जोडताना पाव इंचाची शिलाई सोडतात. नऊ पट्ट्या जोडल्या तर आठ शिलाया. प्रत्येक शिलाई फक्त एक मिलिमीटर आत गेली, तरी दोन्ही बाजूंचं मिळून दोन मिलिमीटर कापड खाल्लं जातं. आठ शिलायांत 16. मग शेजारचा चौकोन याच्याशी जुळत नाही आणि आपण ताणून जुळवतो. घाईत एक मिलिमीटर जाणवत नाही. हळू चालवलं की नजर सुईवरून उठून दाबपट्टीच्या कडेवर जाते, आणि शिलाई सरळ होते.

तीन थरांचं वजनही असतं. गोधडी टेबलावरून खाली लोंबत असेल तर ती सुईला मागे ओढते, सुई वाकते, पट्टीवर आपटते, पट्टीच्या भोकाला ओरखडा पडतो आणि पुढे त्या ओरखड्यावर दोरा तुटत राहतो. म्हणून डावीकडे एखादी खुर्ची सरकवा, गोधडीचा ढीग टेबलावरच राहू द्या. कापड ओढू नका, ढकलू नका, हात फक्त दिशा दाखवायला. वरचं कापडही दात्यांबरोबर चालवणारी जी खास दाबपट्टी मिळते, ती असेल तर मधे चुण्या पडत नाहीत. नसेल तर कच्चा दोरा मधोमधपासून कडेपर्यंत जवळजवळ घाला. हे कंटाळवाणं काम आहे, मी खोटं कशाला सांगू! पण यालाच खरी सवड लागते. गुडघ्यांवर गोधडी, हातात लांब सुई, आणि आपण कुठला तुकडा कुठल्या कपड्यातून कापला होता ते आठवत बसायचं. मशीन त्या वेळी शेजारी गप्प असतं.

एक कबुली देऊन थांबते. बॉबिनमधला दोरा संपल्याचा आवाज मला अजून ओळखता येत नाही. परवाच हातभर ओळ मोठ्या समाधानाने शिवली, एकदम सरळ, अगदी मनासारखी. उलटून पाहिलं तर नुसती भोकं. हसू आलं. बॉबिन भरायला डबी बाहेर काढलीच होती, म्हणून ब्रश घेतला. आत राखाडी भुग्याचा चांगला बोटभर गोळा निघाला.

नमस्कार.