सामाईक बाथरूम आणि दहा हजारांचा चेक

श्रोतेहो, नमस्कार.

तृतीय वर्षाला अमेरिकन साहित्याचा पेपर शिकवायला पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा मी फळ्यावर 'मल्टिकल्चरलिझम' (अनेक संस्कृतींनी एकत्र नांदणं) असा लांबलचक शब्द लिहिला आणि व्याख्या सांगितली. मुलांनी ती निमूटपणे उतरवून घेतली. तास फुकट गेला.

दुसऱ्या दिवशी थेट नाटक काढलं. लोरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन'. १९५९ सालचं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेलं, कृष्णवर्णीय स्त्रीनं लिहिलेलं पहिलं नाटक. सुरुवातीलाच गजर वाजतो. शिकागोच्या साउथ साइड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतलं कोंदट बिऱ्हाड, पोरगं बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपलेलं. आई त्याला गदागदा हलवतेय, कारण बाथरूम शेजाऱ्यांबरोबर सामाईक; त्यांनी आधी नंबर लावला की झालं! मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ही तर आमची चाळ." तिथून आमचं नाटक सुरू झालं.

या घरात पोराच्या वारलेल्या आजोबांच्या विम्याचा चेक यायचाय. दहा हजार डॉलर. आजीला, म्हणजे घरातल्या थोरल्या आईला, घर हवंय; तिच्या मुलाला, म्हणजे पोराच्या बापाला, दारूचं दुकान टाकायचंय; मुलीला डॉक्टर व्हायचंय. आई साडेतीन हजार भरून गोऱ्यांच्या वस्तीत घर ठरवते. उरलेले साडेसहा हजार मुलाच्या, वॉल्टरच्या हातात देते आणि बजावते, यातले तीन हजार बहिणीच्या शिक्षणासाठी बँकेत टाक. तो सगळेच्या सगळे भागीदारांच्या नादाने घालवून बसतो. हा हिशेब मी मुलांना फळ्यावर मांडायला लावते. गाईडमध्ये 'मुख्य विषय: वंशभेद' एवढं छापलेलं असतं, हिशेब नसतो.

मग येतो लिंडनर. नव्या वस्तीतल्या गोऱ्या रहिवाशांचा प्रतिनिधी. आवाज चढवत नाही, शिवी देत नाही. घर आम्हालाच विका, तुम्ही दिले त्याहून जास्त देतो, एवढंच त्याचं म्हणणं. एक मुलगी म्हणाली, "किती गोड बोलतो हा!" शेजारची पटकन म्हणाली, "आम्ही भाड्याची खोली बघायला गेलो होतो ना, तेव्हा काकूसुद्धा गोडच बोलल्या. आडनाव विचारलं, आणि मग खोली कालच गेली म्हणाल्या." वर्ग गप्प झाला. मीही.

हॅन्सबेरीनं हे घरीच पाहिलं होतं. १९३७ साली तिच्या वडिलांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. बाहेर जमाव जमला, आत भिरकावलेली वीट लहानग्या लोरेनला लागता लागता राहिली. या घरावरूनचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४० मध्ये वडील जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, असे करार न्यायालयांनी अंमलात आणू नयेत, हे ठरायला १९४८ उजाडलं.

एकदा घर हा धागा हाती लागला, की बाकीची पुस्तकं आपोआप त्याला येऊन मिळतात. सांड्रा सिस्नेरोसच्या 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट'मधल्या मुलीला स्वतःच्या घराकडे बोट दाखवायची लाज वाटते. ऑगस्ट विल्सनच्या 'फेन्सेस'मधला ट्रॉय, कचरागाडीवरचा कामगार, अंगणात कुंपण घालतोय आणि ते काम रेंगाळत राहतं. टोनी मॉरिसनच्या 'बिलव्हेड'चे तिन्ही भाग घराच्या नंबरानंच उघडतात: १२४. दलित पँथरचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून आलं, हेही मुलं उत्तरपत्रिकेत हमखास लिहितात. बरोबरच आहे, पण तेवढ्या एका ओळीवर पुस्तक न वाचता सुटका करून घेतात, याचा मला राग येतो.

शेवटचा प्रवेश आम्ही वर्गातच उभा केला. सामान गेलेलं, सगळे बाहेर पडलेले. आई एकटी मागे. तीही निघते, आणि पुन्हा दार उघडून आत येते, खिडकीत तिनं जपलेलं मरतुकडं रोपटं न्यायला. आमच्याकडे कुंडी कुठली? आईचं काम करणारी मुलगी दारापर्यंत गेली, परत आली, बाकावरची पाण्याची बाटली छातीशी धरली आणि बाहेर पडली. तासाची घंटा केव्हाच होऊन गेली होती.